फेज चेंज मेमरी : चटका देऊन लिहायची वही

आपल्याकडे उष्णता म्हणजे शत्रू. हीटसिंक लावा, पंखा लावा, पण तिला बाहेर काढा, हेच आपण शिकतो. मी सेमिनारला घेतलेल्या फेज चेंज मेमरीत मात्र मुद्दाम चटका दिल्याशिवाय एक बिटही लिहिता येत नाही.

यातला पदार्थ जीएसटी (करवाला नव्हे!), म्हणजे जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा संयुग. साखरेचा पाक सावकाश निवू दिला तर खडीसाखर होते, ताटात झटकन ओतला तर काचेसारखा कडक पापुद्रा. इथेही तसंच. सेल सुमारे ६०० अंश सेल्सिअसला वितळवून काही नॅनोसेकंदांत थंड केला की अणू विस्कळीत राहतात, रोध शेकडो पटींनी वाढतो, हे रिसेट. वितळू न देता जरा जास्त वेळ गरम ठेवला की स्फटिक बनतो, रोध उतरतो, हे सेट. आता विस्कळीत अवस्थेत एवढा रोध असताना गरम करायला करंट जाणार कुठून? त्याचं उत्तर स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी १९६८ साली दाखवलं होतं : ठराविक व्होल्टेज ओलांडलं की हा पदार्थ अचानक वहनक्षम होतो.

खरी गंमत हिशेबात आहे. ३०० मायक्रोअँपिअर, दीड व्होल्ट, ५० नॅनोसेकंद असा रिसेट पल्स धरा. ऊर्जा झाली साडेबावीस पिकोज्यूल. आणि ३० नॅनोमीटर बाजूचा जीएसटीचा ठोकळा वितळवायला लागते किती? घनता, विशिष्ट उष्मा आणि अप्रकट उष्मा धरून मी मांडलं तर साधारण ०.०४ पिकोज्यूल! म्हणजे पाचशेतला जेमतेम एक भाग कामी आला. बाकी सगळी उष्णता इलेक्ट्रोडमधून आणि आजूबाजूच्या ऑक्साइडमधून पसार. तांब्याभर पाण्यासाठी विहिरीत कॉइल सोडल्यासारखंच हे. (कॉइलचा उल्लेख रेक्टर सरांनी मनावर घेऊ नये.)

एका सेलला ०.४५ मिलिवॉट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण एकदम हजार सेल लिहायचे म्हटलं की अर्ध्या वॉटच्या जवळ गेलो. म्हणून एका वेळी किती बिट लिहायचे यावर मर्यादा येते, आणि मेमरीचा लिहिण्याचा वेग पॉवरपाशी अडकतो. शिवाय पसरलेली उष्णता शेजारच्या सेलपर्यंत पोचून तिथला डेटा बिघडवू शकते, ते वेगळंच.

मग करायचं काय? सोपा उपाय म्हणजे आधी वाचून फक्त बदललेले बिटच लिहायचे. दुसरा, संपर्काचं क्षेत्रफळ कमी करायचं. त्यासोबत रिसेट करंट उतरतो. २०११ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी कार्बन नॅनोट्यूबचेच इलेक्ट्रोड वापरले आणि सेटला ०.५, रिसेटला ५ मायक्रोअँपिअरमध्ये काम भागवलं. तिसरा उपाय सेलभोवती उष्णतारोधक थर देण्याचा. व्हायवात कोणी एवढंच सांगून थांबला तर मी असतो तर पुढे विचारलं असतं : थर फारच चांगला झाला तर? उष्णता अडेल, करंट वाचेल, पण वितळलेला सेल झटकन निवणारच नाही. निवता निवता पुन्हा स्फटिक बनेल, आणि रिसेट करायला गेलेला बिट सेट होऊन बसेल.