घर ज्या राज्यात, कायदा त्या राज्याचा

माझ्या धाकट्या दिराचं टेक्ससमधल्या प्लेनोचं घर लिलावात गेलं आणि आमचं न्यू जर्सीतल्या एडिसनचं घर राहिलं. हप्ते दोन्हीकडे थकले होते, नोकरी दोन्हीकडे गेली होती, बँकेशी बोलताना तोंडाला फेस दोन्हीकडे आला होता. फरक राज्याचा होता. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी हे ऐकावं अशी माझी तळमळ आहे, कारण आपल्याकडे घराबद्दलचा सल्ला मंडळाच्या गणपतीत नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागितला जातो. सल्ला देणारा अटलांटाला राहतो, घेणारा शिकागोला, आणि दोघांनाही वाटतं की देश एक म्हणजे कायदाही एक.

भारतातून आलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. तिकडे सरफेसी कायदा २००२ साली आला तो सगळ्या देशासाठी. कर्ज बुडीत धरलं की ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. पुण्यात तसंच पाटण्यात. अमेरिकेत जमीनजुमल्याचा कायदा हा राज्यांचा विषय आहे. थकलेल्या कर्जापायी घर विकून घेणं, म्हणजे फोरक्लोजर, कुठे कोर्टातून होतं, कुठे कोर्टाची पायरी न चढता.

आधी आमचं सांगते. न्यू जर्सीत बँकेला कोर्टात दावा लावावाच लागतो. तोही एकदम लावता येत नाही. निदान ३० दिवस आधी नोटीस यावी लागते, आणि किती थकलंय, कोणत्या तारखेपर्यंत किती भरलं तर प्रकरण मिटेल, हे तिच्यात लिहिलेलं असावं लागतं. १९९५ च्या फेअर फोरक्लोजर अ‍ॅक्टने हे बंधन घातलं आहे. दाव्याचे कागद हातात पडल्यावर उत्तराला ३५ दिवस मिळतात. अंतिम निकाल लागेपर्यंत थकबाकी भरून कर्ज पुन्हा रुळावर आणता येतं. निकाल विरुद्ध गेला तरी शेरीफचा लिलाव व्हायचा असतो, आणि तो पुढे ढकलून मागण्याचा हक्क घरमालकालाही आहे.

आम्हाला खरा हात दिला तो कोर्टाच्या मीडिएशनने. टेबलाच्या एका बाजूला आम्ही आणि आमची हाउसिंग काउन्सेलर, समोर बँकेचा वकील, मध्ये मध्यस्थ. मध्यस्थाने फाइल उघडली आणि वकिलाला विचारलं, ‘यांच्या पगाराच्या स्लिपा तुमच्याकडे कधीपासून पडून आहेत?’ वकील कागद चाळत बसला. फोनवर दर खेपेला ‘कागद मिळाले नाहीत, पुन्हा पाठवा’ एवढंच ऐकत आलो होतो. आमच्यासमोर बँकेला कुणी जाब विचारतंय असं पहिल्यांदाच घडत होतं. पुढे थकबाकी मुद्दलात मिळवली गेली, मुदत वाढली, हप्ता झेपेल एवढा झाला. प्रकरण लांबलं, पण त्या लांबण्यानेच आम्ही तरलो. ह्यांना दरम्यान दुसरी नोकरी लागली.

दिराने हे सगळं जवळून पाहिलं होतं. त्याचे हप्ते थकायला लागले तेव्हा मला म्हणाला, ‘वहिनी, तुमचं केवढं लांबलं! आमचं एवढ्यात काही होत नाही.’ टेक्ससला राज्याचा आयकर नाही, पण घरपट्टी जबर. ती वाढली, एस्क्रोत तूट आली आणि मासिक हप्ता चांगलाच फुगला. त्यात नोकरी गेली. त्याने अर्धा हप्ता पाठवून पाहिला. तो परत आला.

टेक्ससमध्ये घर घेताना बहुतेकजण ‘डीड ऑफ ट्रस्ट’ नावाच्या कागदावर सही करतात. क्लोजिंगच्या दिवशी सह्यांच्या ढिगाऱ्यात तोही असतो. त्याने घर विकण्याचा अधिकार आधीच एका ट्रस्टीला दिलेला असतो, त्यामुळे साध्या गृहकर्जात कोर्टात जायची गरजच पडत नाही. (होम इक्विटी कर्ज असेल तर मात्र तिथेही कोर्टाचा हुकूम लागतो.) राहत्या घरासाठी थकबाकी भरायला निदान २० दिवसांची नोटीस, मग लिलावाच्या निदान २१ दिवस आधी दुसरी नोटीस, आणि लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी १० ते दुपारी ४ च्या दरम्यान. दिराच्या कॉलिन काउंटीतल्या घरांचा लिलाव मॅकिनीला होतो. एकदा बोली सुटली की पैसे भरून घर परत घेण्याची सोय गृहकर्जाच्या लिलावात नाही.

सगळ्यात धोक्याची गोष्ट नोटिशीच्या पोचण्याची आहे. टेक्ससच्या कायद्याने ती सर्टिफाइड टपालाने शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर रवाना केली की ती तुम्हाला मिळाली असं धरलं जातं. तुम्ही सही करून घेतली की नाही, हे कुणी विचारत नाही. दीर त्या वेळी ह्यूस्टनला हंगामी काम करत होता. पोस्टमन दाराला चिठ्ठी अडकवून गेला, जावेला वाटलं कुठल्यातरी बिलाची असेल, पाकीट न उचलता परत गेलं. त्यांना लिलावाची तारीख कळली ती पिवळ्या पोस्टकार्डांमुळे. हाताने लिहिल्यासारख्या अक्षरात छापलेली ती कार्डं एकाच आठवड्यात ढिगाने आली: ‘तुमचं घर रोखीने घेतो, आजच फोन करा.’ नोटीस काउंटी क्लार्ककडेही दाखल होते, आणि असले खरेदीदार ती यादी रोज चाळतात. तुमच्या पत्रपेटीत अशी कार्डं अचानक वाढली तर त्याच दिवशी काउंटीच्या संकेतस्थळावर आपला पत्ता शोधा.

सगळ्या देशाला लागू असलेला थोडा आधार आहे, आणि तो कॅलेंडरवर मांडून बघायला हवा. कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरोचे नियम जानेवारी २०१४ पासून लागू आहेत. राहत्या घराचं कर्ज १२० दिवसांपेक्षा जास्त थकल्याशिवाय सर्व्हिसरला, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला, फोरक्लोजरची कारवाई सुरू करता येत नाही. आणि मदतीचा पूर्ण अर्ज लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पोचला असेल, तर त्याचा निर्णय होईपर्यंत लिलाव करता येत नाही. आता टेक्ससचे २१ दिवस याच्या शेजारी ठेवा. लिलावाची तारीख सांगणारी नोटीस हातात पडते तोवर ३७ दिवसांचं दार बंद झालेलं असू शकतं. दिराचं नेमकं हेच झालं. त्याने रात्रभर जागून अर्ज भरला, सर्व्हिसरने उशिरा आला म्हणून बाजूला ठेवला. म्हणून टेक्ससमध्ये, जॉर्जियात किंवा अशा कोणत्याही झटपट राज्यात अर्ज त्या १२० दिवसांतच गेला पाहिजे. आणि ‘पूर्ण’ या शब्दाला फार वजन आहे: एक बँक स्टेटमेंट कमी पडलं तरी तो अर्ज अर्धवटच. सर्व्हिसरकडून ‘अर्ज पूर्ण आहे’ असं लेखी घ्या.

एच-वन-बीवर असलेल्यांनी तर दोन घड्याळं एकदम बघायची असतात. नोकरी गेल्यावर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेही आय-९४ ची मुदत त्याआधी संपत नसेल तर. फोरक्लोजर सुरू व्हायच्या आधीच देश सोडायची वेळ येते. किल्ल्या काउंटरवर ठेवून निघालो की कर्ज मिटलं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या राज्यात ते खरंही असेल. कॅलिफोर्नियात ट्रस्टीने लिलाव केला की उरलेल्या कर्जासाठी बँक मागे लागू शकत नाही. टेक्ससमध्ये तूट राहिली तर बँकेला दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो. तसा दावा आला तर घराची बाजारातली खरी किंमत कोर्टाकडून ठरवून मागा. लिलावात घर स्वस्तात गेलेलं असलं तरी तेवढी रक्कम तुमच्या देण्यातून वजा होते. परत जायचंच असेल तर जाण्याआधी विश्वासातल्या माणसाला त्या घरापुरतं मुखत्यारपत्र द्या, आणि सर्व्हिसरला नवा पत्ता लेखी कळवा. फोनवर सांगितलेल्या पत्त्यावर विसंबू नका. नोटिसा रिकाम्या घरी जात राहतील आणि कायदा म्हणेल, पोचल्या.

बाकी राज्यांचा पसारा मोठा आहे. मिशिगनमध्ये लिलाव झाल्यावरही साधारण सहा महिने मिळतात, तेवढ्यात पैसे उभे करून घर सोडवता येतं. इलिनॉयमध्ये मुदत लिलावाआधी असते, साधारणपणे दाव्याचे कागद मिळाल्यापासून सात महिने. न्यूयॉर्कमध्ये दाव्याआधी ९० दिवसांची नोटीस आणि नंतर कोर्टात तडजोडीची बैठक. जॉर्जियात चार आठवडे वर्तमानपत्रात जाहिरात, की पहिल्या मंगळवारी लिलाव. ही यादी पाठ करून उपयोग नाही, कायदे बदलतात. आपला डीड ऑफ ट्रस्ट किंवा मॉर्गेजचा कागद काढा, आणि हप्ता चुकणार असं दिसलं की त्याच आठवड्यात आपल्या राज्यातल्या, केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने मान्यता दिलेल्या काउन्सेलरला गाठा. घर वाचवण्याचा सल्ला तिथे फुकट मिळतो. ‘तुमचं घर वाचवतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्या कंपन्यांना अशी आगाऊ फी घेण्याची केंद्राच्या नियमाने बंदी आहे. घर तात्पुरतं आमच्या नावावर करा म्हणणाऱ्याला तर उंबऱ्यातही घेऊ नका. आणि घरात इक्विटी असेल, हप्ता पुढे झेपणार नसेल, तर वेळ असताना आपणच घर विकावं हे माझं स्पष्ट मत आहे. घर हातचं जाण्याचं दुःख तेवढंच असतं, पण पैसे आपल्या हातात येतात.

प्लेनोचं घर एका गुंतवणूकदाराने कर्जापेक्षा जास्त बोली लावून घेतलं. नंतर घर रिकामं करण्याची तीन दिवसांची नोटीस आली. जाऊ मुलीची शाळेची वह्या-पुस्तकं खोक्यांत भरत होती आणि दाराशी नवे मालक मोजमापं घेत होते. त्यानंतर दिराला पत्रं येऊ लागली, ‘तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, तिसरा हिस्सा आमचा.’ तेव्हा आम्हाला कळलं की कर्ज, खर्च आणि घरावरचे इतर बोजे फिटून लिलावाची जी रक्कम उरते, ती घरमालकाची असते. मी त्याला एकाही पत्रावर सही करू दिली नाही. लिलावाच्या दस्तावर ट्रस्टीचं नाव-पत्ता असतो. तिथे त्याने स्वतः सर्टिफाइड टपालाने मागणी पाठवली, सोबत ओळखपत्र आणि नवा पत्ता जोडला. आणखी काही कागद मागवले गेले, तेही दिले. उरलेली रक्कम पूर्णच्या पूर्ण त्याच्या नावच्या चेकने आली. त्यातून त्यांनी अपार्टमेंटचं डिपॉझिट भरलं.