खिरापत, वाण आणि 'रिटर्न गिफ्ट'

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात वाढदिवसाच्या खाऊवर लेख लिहावा का, असा प्रश्न पडून मी दोनदा कागद फाडला. या अंकात कुणी संतसाहित्यावर लिहील, कुणी शेतमालाच्या भावावर. त्या पंक्तीत हा विषय पोरकट वाटेल, हे मला कळते. परंतु समाजशास्त्राच्या तासाला सरांनी 'देणगी' हा विषय शिकवला आणि त्याच आठवड्यात आमच्या घरात त्याच विषयावरून रडारड झाली. तेव्हा जे पुस्तकात आहे ते घरात कसे असते, हे माझ्या अल्पमतीप्रमाणे मांडण्याचा हा प्रयत्न. वाचकांनी गोड मानून घ्यावा.

प्रथम घरातील हकीकत सांगते. माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. आमच्या घराण्यात कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिली आणि इंग्रजी माध्यमात जाणारा तो पहिला. गेल्या वर्षी त्याच्या वर्गातील एका मुलाचा वाढदिवस होता. आम्ही पन्नास रुपयांची रंगपेटी कागदात गुंडाळून दिली. संध्याकाळी भाऊ परत आला तो एक चकचकीत पिशवी घेऊन. तिच्यात पाण्याची बाटली, स्केचपेनांचा संच, एक चॉकलेट आणि मुखवटा होता. तो नाचत होता. आईने मात्र एकेक वस्तू काढून चटईवर मांडली, मनाशी किंमत केली आणि म्हणाली, "देल्लं पन्नासचं आन् आनलं दीडशाचं. आता हे फेडाचं कसं व बाई?"

आनंदाची पिशवी घरात आली आणि आईला ती कर्जासारखी वाटली! ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

मार्सेल मोस हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमचा भाचा. १९२५ साली त्याचा देणगीवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की देणगी वरून कितीही ऐच्छिक दिसली तरी तिच्यामागे तीन बंधने असतात : द्यावे लागते, दिलेले घ्यावे लागते आणि घेतलेले परत करावे लागते. सरांनी हे फळ्यावर लिहिले तेव्हा सर्वांनी वहीत उतरून घेतले. मी मात्र मनात म्हटले, हे तर आमच्या आहेराच्या वहीत आहे.

ज्यांच्या घरी अशी वही नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही ट्रंकेत असते. माझ्या आत्याच्या लग्नापासून कोणी काय आणले, हे तिच्यात लिहिलेले आहे. अमक्याकडून ११ रुपये व नारळ, तमक्याकडून २१ रुपये, मामाकडून लुगडे आणि टोपी-दुपट्टा. कोणाकडे लग्न निघाले की आई मला वही काढायला लावते. त्यांनी ५१ आणले असतील तर आपण १०१ न्यायचे, निदान तेवढे तरी. कमी नेले तर कोणी तोंडावर बोलत नाही, पण लक्षात राहते. आईला लिहिता-वाचता येत नाही, तरी वहीतील निम्मी पाने तिला पाठ आहेत.

ब्लाऊजपीसची गंमत तर आणखी निराळी. हळदीकुंकवाला मिळालेला ब्लाऊजपीस सहसा कोणी शिवत नाही. तो पेटीत जातो, पुढच्या कार्याला दुसरीच्या ओटीत जातो, आणि एकदा तर आमच्याच घरून गेलेला हिरवा तुकडा, कोपऱ्यावरच्या शाईच्या ठिपक्यासकट, चार वर्षांनी आमच्याकडे परत आला. मॅलिनोव्स्कीने १९२२ साली न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवरील 'कुला' या प्रथेचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथे लाल शिंपल्यांच्या माळा बेटांमधून एका दिशेने फिरत राहतात आणि शंखाची कंकणे उलट दिशेने. कोणी ती कायमची ठेवून घेत नाही. फिरवण्यामुळे माणसे जोडलेली राहतात, एवढेच त्यांचे काम. सरांनी कुला शिकवला तेव्हा मला हसू आले आणि सरांनी कारण विचारले. कारण सांगण्याचे धैर्य तेव्हा झाले नाही, ते आज लिहून सांगत आहे.

कॅनडाच्या वायव्य किनाऱ्यावरील आदिवासींमध्ये 'पॉटलॅच' नावाचा समारंभ होता. त्यात यजमान पाहुण्यांना इतके वाटे, की त्यांना तेवढे परत करणे जड जावे. कधीकधी मान मिळवण्यासाठी वस्तू नष्टही करीत. कॅनडाच्या सरकारने १८८४ साली कायदा करून त्यावर बंदी आणली, ती १९५१ पर्यंत राहिली. सरकारला ती उधळपट्टी वाटली. पण त्या लोकांची नावे, नाती, हक्क हे सारे त्याच समारंभात सर्वांसमक्ष ठरत असे, म्हणून बंदीने त्यांचे फार नुकसान झाले. हे वाचल्यावर मी 'उधळपट्टी' हा शब्द जरा जपून वापरू लागले.

तर प्रश्न असा : वाढदिवसाला आलेल्या मुलांना जाताना काही द्यावे की नाही?

काही जण म्हणतील, ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे, बंद करा. हे मला पटत नाही. आलेल्या लेकराच्या हातावर काहीतरी ठेवणे हे आपल्याकडे फार जुने आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलाचे बोरन्हाण करतात. काळे कपडे, हलव्याचे दागिने घालून त्याला पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या ओततात. भोवतीची मुले ती वेचतात. कोणाच्या ओच्यात किती गेले, याचा हिशेब नसतो. जो चपळ त्याला जास्त, आणि जो अगदीच लहान त्याच्या मुठीत कोणीतरी आजी दोन बोरे कोंबते. मेक्सिकोतही मुलांच्या समारंभात खाऊने भरलेले, रंगीत कागद लावलेले मडके काठीने फोडतात व मुले खाली सांडलेला खाऊ गोळा करतात. त्याला पिन्याटा म्हणतात. कुठले मेक्सिको आणि कुठले मोर्शी, पण वरून खाऊ सांडला की जगातली सगळी पोरे सारखीच वाकतात.

भुलाबाईचे तर विचारूच नका. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात मुली भुलाबाई मांडतात. आता पुष्कळ ठिकाणी ते एकाच दिवसावर आले आहे. गाणी झाली की खिरापत ओळखायची. घरची बाई डबा झाकून आणते. मुली डब्याचा आवाज ऐकतात, 'गोड की खारट' असे विचारतात, लाडू म्हणतात, शेंगदाणे म्हणतात, आणि शेवटी हरतात किंवा जिंकतात. खिरापत कितीही साधी असो, ओळखण्यात तिची किंमत वाढते. माझ्या लहानपणी एका घरी नुसते फुटाणे-गूळ निघाले होते, आणि ते कोणालाही ओळखता आले नव्हते! ती खिरापत माझ्या अजून लक्षात आहे. श्रीमंताघरचा पेढा लक्षात नाही.

आता या जुन्या चालींत आणि त्या चकचकीत पिशवीत फरक कोठे आहे? माझ्या मते तो नावातच आहे. 'रिटर्न' म्हणजे परत. तू आणलेस म्हणून मी देतो. खिरापत न आणता आलेल्यालाही मिळते, कारण काही आणायचे नसतेच. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही अशाला योग्य जागी, योग्य वेळी दिलेले ते सात्त्विक, आणि परतफेडीच्या आशेने किंवा मनात कुढत दिलेले ते राजस. त्या हिशेबाने रिटर्न गिफ्ट सरळ राजसात जाते. परंतु आपल्या जुन्या चालींना तरी मी सगळे गुण कसे देऊ? वाण लुटणे आता स्टीलच्या वाट्यांवरून प्लास्टिकच्या डब्यांवर आणि तेथून चढाओढीवर गेले आहे. आणि मुख्य म्हणजे हळदीकुंकवाला विधवेला बोलावीत नसत, पुष्कळ घरी अजून बोलावीत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली, म्हणजे तोवर काय स्थिती होती ते समजावे. माझी एक काकू संक्रांतीच्या दिवशी दाराआडून वाणाच्या वस्तू मोजून आत देत असे. बाहेर येत नसे. म्हणून जुने ते सोने, असे मी म्हणणार नाही.

या बाबतीत मला आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण जवळचे वाटते. गाडगेबाबांचा जन्म शेंडगावचा, १८७६ सालचा. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाचे जेवण द्यायची रीत असताना त्यांनी गोड जेवण दिले. पुढे कीर्तनांतून ते जन्मभर सांगत राहिले, की सणासमारंभासाठी कर्ज काढू नका. लक्षात घ्या, बाबांनी बारसे बंद केले नाही, पंगत बंद केली नाही. पंगतीत काय वाढायचे ते बदलले, आणि लोक काय म्हणतील ते सोसले.

बाजारात एका दुकानदाराकडे चौकशी केली. तो म्हणाला, आता शाळेच्या वस्तूंपेक्षा रिटर्न गिफ्टचे संच जास्त खपतात आणि डझनावारी जातात. त्याने दाखवलेला सर्वांत स्वस्त संच चाळीस रुपयांचा होता. वीस मुले धरली तर आठशे, म्हणजे आईचे तीन दिवसांचे रोज. दुकानातील काही खेळण्यांवर मानक ब्युरोचे चिन्ह नव्हते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते सक्तीचे आहे, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, हे खेळणं नाई, हे गिफ्ट हाय." फुग्यांच्या प्लास्टिक काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्याही त्याच्याकडे होत्या. असो.

यंदा कार्तिकात भावाचा वाढदिवस आला. (आमच्या घरी हा खरा वाढदिवस असलेला बहुधा तो आणि मीच. बाबांची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी १ जुलै लिहिली, काकांचीही तीच, आणि शेजारच्या तिघांचीही तीच. आईची कोणी लिहिलीच नाही.) मी घरात बोलून दाखवले, की आपण संच आणायचे नाहीत. आंबिया बहाराची संत्री निघाली होती आणि बाबा तोडणीवर होते. ओळीतली मुले आणि शाळेतले सहा मित्र बोलवायचे, औक्षण करायचे, केक लहानसा, आणि भुलाबाईसारखी खिरापत ओळखायची. जाताना प्रत्येकाला दोन संत्री. 'येताना काही आणू नये' असेही मी भावाला वर्गात सांगायला लावले.

खिरापतीचा खेळ छान झाला. शाळेतल्या मुलांना तो ठाऊकच नव्हता. डबा कानाला लावून हलवताना एकाने सांडलासुद्धा. आत चिवडा होता आणि सगळे 'चॉकलेट, चॉकलेट' ओरडत होते. पण निघताना एका मुलाने संत्री हातात धरून विचारले, "आणि रिटर्न गिफ्ट?" माझा भाऊ माझ्याकडे पाहू लागला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. मोस, मॅलिनोव्स्की सगळे त्या क्षणी निरुपयोगी झाले.

तेवढ्यात आई आतून आली. तिच्या पदरात पेन्सिलींचा गठ्ठा होता, रबर लावलेल्या, पाच-पाच रुपयांच्या. मला न सांगता तिने त्या आणून ठेवल्या होत्या. दारात उभी राहून तिने एकेकाच्या हातावर पेन्सिल ठेवली. ज्यांनी भेट आणली त्यांनाही आणि ओळीतल्या, हात हलवत आलेल्या पोरांनाही. मी नंतर जरा रागानेच विचारले, "तूच म्हणत होतीस ना फेडाचं कसं?" तर म्हणाली, "हे फेडनं नोय व बाई. लेकरू दारातून रिकाम्या हातानं कसं धाडाव?"

मी दिवसभर वाद घातला होता की द्यावे की न द्यावे. आईने दिले, पण परत म्हणून दिले नाही. माझ्या लेखाचा सगळा भेद तिला ठाऊक होता आणि तो तिने पाच रुपयांत मिटवला. मात्र भावाचे समाधान झाले नाही. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच्या वर्गात पेन्सिल ही भेट समजली जात नाही, आणि ते सोसायचे त्याला होते, मला नव्हते. हे मी आधी ध्यानात घ्यायला हवे होते.

'आणू नये' सांगूनही चार मुलांनी भेटी आणल्या होत्या. रात्री मी ट्रंकेतून लाल वही काढली. खरे सांगायचे तर अभ्यासासाठीच. नवे पान काढून तारीख घातली आणि आईला म्हटले, सांग, कोणी काय आणले. ती भाकरीचे पीठ मळत होती. मागे न बघताच म्हणाली, "लेकराइनं आनलेलं लिवत नाई. ठेव ते."

त्या पानावर अजून नुसती तारीखच आहे. पुढच्या वर्षी आपल्याला पाण्याच्या बाटल्याच द्यायच्या आहेत, असे भावाने मला आत्ताच बजावून ठेवले आहे.