आईवडिलांच्या हाती सोपविलेला उपचार

मूल जेवेनासे झाले की पहिला दोष आईवडिलांच्या पदरी येतो. वजन वाढण्याच्या तीव्र भीतीने अन्न नाकारण्याचा जो विकार ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणून ओळखला जातो, त्याबाबत वैद्यकशास्त्राची भूमिकाही दीर्घकाळ अशीच होती. सर विल्यम गल यांनी १८७४ साली लंडन येथे या विकाराचे वर्णन करताना, अशा रुग्णांच्या शुश्रूषेस आप्तजन सर्वांत अयोग्य असल्याचे मत नोंदविले होते.

या समजुतीस छेद दिला तो लंडनच्याच मॉड्सली रुग्णालयाने. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात, विकार कोवळ्या वयात जडलेल्या व तो तीन वर्षांहून कमी काळ असलेल्या रुग्णांना वैयक्तिक उपचारापेक्षा कुटुंबोपचाराचा अधिक लाभ झाल्याचे दिसून आले.

या पद्धतीचे तीन टप्पे आहेत. प्रथम आहाराची सर्व सूत्रे पालकांकडे येतात. वजन सावरू लागल्यावर ती क्रमाक्रमाने मुलाकडे परत दिली जातात. अखेरीस वयानुरूप इतर प्रश्नांचा विचार होतो. दोष कोणाचा, याची चौकशी केली जात नाही. आजार आणि मूल हे भिन्न मानले जातात.

पालकांना हा विचार दिलासा देतो. परंतु प्रत्यक्ष आचरण अतिशय कठीण असते. अमेरिकन लेखिका हॅरिएट ब्राउन यांनी आपल्या मुलीच्या आजारपणाची हकिकत २०१० साली ग्रंथरूपाने मांडली. एकेका घासासाठी चाललेला झगडा आणि मुलीच्या मुखातून जणू दुसरेच कोणी बोलत असल्याचा भास त्यात वाचावयास मिळतो. अनेक पालकांना नोकरीतून रजा घ्यावी लागते, अन्य भावंडांकडे दुर्लक्ष होते. आई ठाम आणि वडील नरम, असे झाल्यास आजार नेमकी तीच फट शोधतो.

यशाची खात्रीही सर्वांना देता येत नाही. अमेरिकेत १२१ किशोरवयीन रुग्णांवर झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उपचारानंतर एक वर्षाने सुमारे निम्मे रुग्ण पूर्ण बरे असल्याचे आढळले. वैयक्तिक उपचारात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते.

रुग्णालयाच्या हिशेबात खाटांचे दिवस नोंदविले जातात. ताटापाशी बसलेल्या आईचे तास कोणत्याच खात्यात जमा होत नाहीत. म्हणून पालकांवर उपचाराची धुरा सोपविताना नियमित वजन-तपासणी, समुपदेशन आणि नाडी मंदावल्यास वा भोवळ आल्यास तातडीने दाखल करून घेण्याची सोय, ही जबाबदारी रुग्णालयाने स्वीकारलीच पाहिजे.

– प्रशासकीय अधिकारी