शिवाजी महाराजांची फौज



गॅदरिंगला शिवाजी महाराजांचं नाटक बसवायचं म्हटलं, की प्रत्येकाला तलवार पाहिजे असते. पखालजी व्हायला कुणी तयार होत नाही. पण पखालजीवाचून महाराजांची फौज एक मुक्कामसुद्धा पुढं गेली नसती. ते कसं, ते मी या लेखात सांगणार आहे.

महाराज १६८० साली वारले. त्यानंतर काही वर्षांनी कृष्णाजी अनंत सभासद यांनी त्यांची बखर लिहिली. फौजेची रचना तिच्यात दिली आहे. घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे, तो. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येई. महाराजांचा भर पागेवर होता. कारण उघड आहे. घोडा सरकारचा असला, की स्वारही हुकमात राहतो.

पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजारींवर एक पंचहजारी. सर्वांच्या वर सरनोबत. नेताजी पालकर, प्रतापराव गुजर, हंबीरराव मोहिते हे घोडदळाचे सरनोबत होऊन गेले. मी वहीत गुणाकार करून पाहिला. २५ × ५ = १२५, आणि १२५ × १० = १२५०. म्हणजे हजारीच्या हाताखाली हजार नव्हे, साडेबाराशे स्वार होते! पंचहजारीकडे किती, ते तुम्हीच काढा.

जुमलेदाराला वर्षाला ५०० होन पगार असे, हजारीला १००० होन. होन म्हणजे सोन्याचं नाणं.

आता पखालजी. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. कातडी पखालीतून पाणी आणणारा तो पखालजी, आणि घोड्याच्या टापांना नाल ठोकणारा तो नालबंद. एका हजारीमागे पन्नास पाणी देणारे आणि पन्नास नाल ठोकणारे झाले. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या करमाळा तालुक्यात पखालजीचं महत्त्व कुणाला समजावून सांगायला नको.

पायदळात दहा माणसांत एक नाईक, पन्नासांवर हवालदार, मग जुमलेदार, मग हजारी. येसाजी कंक पायदळाचे सरनोबत होते. नाईक आणि हवालदार हे हुद्दे आजच्या भारतीय सैन्यातही आहेत. नाईकाच्या बाहीवर दोन फिती असतात, हवालदाराच्या तीन.

हत्यारं म्हणजे ढाल, तलवार, भाला, धनुष्यबाण, बंदूक. पण मला विचाराल तर खरं हत्यार घोडा. आपला करमाळ्याचा भुईकोट किल्ला नंतरच्या काळातला, निजामाचे सरदार रावरंभा निंबाळकर यांचा. म्हणून तो या लेखात येत नाही, पण भीमा नदी येते. आपल्या तालुक्याच्या कडेनं वाहणाऱ्या या भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं मराठी फौजेत नावाजलेली होती. अंगानं बुटकी, पण काटक, आणि डोंगर चढायला पक्की. धनगरांचे वाडे रानातून जातात तेव्हा पाठीवर बिऱ्हाड, कोंबड्या, कोकरं घेऊन चालणारी तट्टं बघा. ती याच जातीची असतात.

पावसाळ्यात फौज छावणीत राही. दसऱ्याला बाहेर पडे. निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी होई आणि परतल्यावर झडती. बायकापोरांना धरायचं नाही, गाय आणायची नाही, असा सक्त हुकूम होता.

राज्याभिषेकाच्या आधी, म्हणजे १६७४ च्या जूनपूर्वी, महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीला एक पत्र पाठवलं. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा व वैरण आताच उडवलीत, तर पुढं घोडे उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेकडून दाणा, गवत, भाजीपाला ओढून आणाल, आणि रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे, असं त्यात बजावलं आहे. पुढं तर महाराज दिव्यापर्यंत येतात. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि गवताची गंज पेटेल, अशी ताकीद आहे. गंज जळाली, की सारी पागा बुडाली. एवढ्या मोठ्या फौजेचा धनी उंदराचासुद्धा विचार करत होता!