घरातला तापमापक कुठे लावायचा?



उन्हाळ्याच्या कामासाठी प्रत्येक गटाकडे एकेक डिजिटल तापमापक आला आहे. छोटी पांढरी डबी, वर मोठा आकडा तापमानाचा, खाली बारीक आकडा हवेतल्या ओलाव्याचा. डबी हातात आली की पहिला प्रश्न, "लावू कुठं?" आणि उत्तरही ठरलेलं, कॅलेंडरच्या खिळ्याला. मीही एका गावात हेच सांगितलं आणि चांगलीच फसले.

त्या गटात पत्र्याला चुना मारायला कर्ज द्यायचं का, हा विषय चालू होता. एक ताई म्हणाली, आधी मी माझ्या खर्चाने करून बघते. चुना मारायच्या आधी दुपारी 3 वाजता आकडा होता 43. मारल्यावर दोन दिवसांनी, त्याच वेळी, 35. आठ अंशांचा फरक! सगळ्या खूश, पाच जणींना कर्ज द्यायचा ठराव लिहायला सचिवताईंनी वही उघडली. तेवढ्यात मागे बसलेल्या आजी बोलल्या, "अगं, पण डबी आता माठापाशी हाय की!"

खरंच होतं. आधी ती पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेली, नंतर पोरं हात लावतात म्हणून माठाच्या फळीवर गेलेली. दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा पहिल्या खिळ्यावर टांगली, तर 40. म्हणजे खरा फरक तीनच अंश. तीन अंशही कमी नाहीत बरं का. पण मग गटाने ठरवलं, आधी दोघींनाच कर्ज, जिच्या घरी तान्हं बाळ आहे तिला आणि जिची सासू खाटेवर आहे तिला. पैसा आपल्या बचतीचा आहे, तो चुकीच्या आकड्यावर जायला नको.

असं का होतं? डबीला फक्त तिच्या आसपासची हवा आणि ती ज्याला टेकली आहे तेवढंच कळतं. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि रात्रीपर्यंत ऊब सोडत राहते. माठाचं पाणी झिरपून वाळतं, म्हणून तिथली हवा गार. चूल, फ्रिजची मागची बाजू, टीव्ही, देवघरातला दिवा, कूलरचं तोंड, दार-खिडकीचा झोत, खिडकीतून येणारं ऊन, या सगळ्या ठिकाणी डबी आपल्याला फसवते. पत्र्याखाली आढ्याजवळ तर मुळीच नको, गरम हवा वर चढते.

हवामान खातंसुद्धा तापमापक उन्हात ठेवत नाही. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, सावलीत असतो तो. टीव्हीवर 44 सांगतात ते सावलीतलं असतं, हे ध्यानात ठेवा.

आपणही तसंच करायचं. ज्या खोलीत माणूस दुपारी बसतं-झोपतं तीच खोली धरा. बाहेरचं ऊन लागत नाही अशी मधली भिंत, चार फूट उंची, आणि भिंत व डबीच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर डबी खाटेच्या उंचीला हवी, कारण त्यांची हवा तीच. टांगल्यावर वीस मिनिटं तिच्याकडे बघूच नका, हाताची ऊब उतरू द्या. वायर असलेली डबी असेल तर वायरच्या टोकाची धातूची कांडी मोजते, म्हणून जागा त्या कांडीची बघायची. आणि अचानक 98 दिसलं तर घाबरू नका, पोरांनी बटण दाबून सेल्सिअसचं फॅरनहाइट केलेलं असतं.

एक तक्रार नेहमी येते, "मॅडम, पंखा लावला तरी आकडा हलत नाही." हलणारच नाही. पंखा हवा गार करत नाही, घाम वाळवतो म्हणून आपल्याला बरं वाटतं. खोलीत 40 च्या वर गेलं की नुसत्या पंख्याची हवा उलट अंग तापवते. तेव्हा ओल्या फडक्याने अंग पुसा, पाणी पाजा, माणसाला गार जागी न्या. म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागलं, अंग भाजतंय, तर आकडा बघत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारत राहायचं.

पत्र्याच्या घरात आणखी एक गोष्ट आहे. तापलेला पत्रा वरून जी धग टाकतो ती डबीत पूर्ण दिसत नाही. म्हणून पत्र्याखालचे 38 आणि धाब्याच्या घरातले 38 सारखे नाहीत. सासूबाई "लई उकडतंय" म्हणाल्या आणि डबी कमी दाखवत असेल, तर सासूबाईंचं ऐका.

रोज दुपारी 3 ला आणि रात्री 10 ला आकडा लिहा. रात्रीचा विसरू नका, दिवसभर तापलेलं घर रात्री निवतं की नाही ते त्यातच कळतं. वहीत चार रकाने पाडा: तारीख, वेळ, डबीची जागा, आकडा. जागेचा रकाना रिकामा असेल तर ती नोंद मी धरणार नाही, आधीच सांगते. पुढच्या मासिक बैठकीला वही घेऊन या.