बाहुलीसाठी ओव्हन कोणता?

प्रश्न (आजरा) : हुबेहूब बाळासारख्या व्हिनाइल बाहुल्यांचा रंग पक्का करायला कोणता ओव्हन घ्यावा?

उत्तर : व्हिनाइलवरच्या ‘जेनेसिस’सारख्या रंगांना सुमारे 130 अंश सेल्सिअस उष्णता साधारण 8 मिनिटे द्यावी लागते. हे रंग नुसत्या हवेवर सुकत नाहीत, मग आजऱ्यात पाऊस असो वा ऊन.

मायक्रोवेव्ह बाद.

पंख्याचा, म्हणजे कन्व्हेक्शनचा ओटीजी घ्यावा. बाहुलीचे डोके कॉइलपासून दूर राहील एवढी आत उंची हवी. खरेदीला जाताना सर्वांत मोठ्या डोक्याचे माप सोबत न्यावे. बटणावरचा आकडा आणि आतले तापमान यांत फरक पडतो, म्हणून वेगळा ओव्हन थर्मामीटर आत ठेवावा. जास्त तापले तर व्हिनाइल चकाकते, पुढे आकारही बिघडतो. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि त्याच ओटीजीत केक-नानकटाई भाजू नये.