सॉफ्टवेअरची मुलाखत : हिशेब तोंडाने सांगा

आमचा धंदा कापडाचा. संगणकाशी संबंध बिलापुरता. पण आमचा भाचा सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत दोनदा नापास होऊन आला, तेव्हा त्याला समोर बसवून आम्ही सगळा प्रकार समजून घेतला. व्यापारी-कारागिरांच्या घरांतली पुष्कळ मुले या मुलाखतींना जातात, म्हणून तो येथे मांडत आहोत.

प्रश्न सोपा होता. किमतींची एक यादी आहे. ज्या दोन किमतींची बेरीज ५०० होते त्या शोधा. भाच्याने मान खाली घालून लिहिले, उत्तरही बरोबर आले, तरी नकार मिळाला. विचार कसा केला तेच कळले नाही, असे त्याला सांगण्यात आले. आम्हाला हे पटले. गप्प बसणाऱ्याचे डोके परीक्षकाला दिसणार कसे?

आधी विचारून घ्यावे. यादी रिकामी असू शकते का? जोडी सापडली नाही तर काय द्यायचे? गिऱ्हाइकाला पन्हा आणि मीटर विचारल्याशिवाय आपण कात्री लावतो का?

मग साधी रीत बोलून दाखवावी : प्रत्येक किंमत इतर प्रत्येकीशी जोडून पाहणे. १००० किमतींच्या ४,९९,५०० जोड्या होतात. यादी दहापट झाली की काम सुमारे शंभरपट. भाचा येथेच थांबला होता. यापुढची रीत अशी : यादी एकदाच वाचत जायची. ३२० आली की १८० आधी येऊन गेली का, हे हॅश टेबलमध्ये पाहायचे. नसेल तर ३२० तेथे नोंदवून पुढे जायचे. आधी पाहणे, मग नोंदणे. हा क्रम उलटला तर एकटी २५० स्वतःशीच जोडली जाते! या रीतीला वेळ कमी, पण स्मृती जास्त लागते, हेही आपणहून सांगावे. शेवटी चार आकडे घेऊन कोड हाताने चालवून दाखवावा.

लीटकोड या संकेतस्थळावरचा पहिला प्रश्न याच जातीचा आहे. गेल लाकमन मॅकडॉवेल यांचे ‘क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू’ हे पुस्तकही मुले वापरतात. मात्र उत्तरे पाठ करणे फुकट. परीक्षक एक अट बदलतो आणि पाठांतर उघडे पडते.

बोलण्याचा सराव आधी घरच्या भाषेत करावा, मग इंग्रजीत. उर्दू शाळेत शिकलेल्या आम्हाला ही अडचण वेगळी सांगायला नको. सध्या दुकान बंद झाल्यावर भाचा रोज एक प्रश्न आम्हाला समजावतो. आम्हाला कळला नाही, तर त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायचे, असे ठरले आहे.